डाव्या कोपऱ्याची आच

क्लोव्हिस डेगलनं उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला, जिथे पलीकडे नदी आणि नदीपलीकडे कॅनडा, तिथल्या बर्फात त्यानं ती एकदाही रस्त्याखाली घातली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्याचे हात शिवशिवायला लागले. घरात बिघडलेलं काहीच नव्हतं, हीच खरी पंचाईत होती.

ती पंचाईत नाताळात सुटली. पोर्टलंडला राहणाऱ्या मुलीनं, मॅरीझनं, पिस्तुलासारखा एक थर्मामीटर पाठवला. नेम धरायचा, घोडा ओढायचा, की लाल ठिपका पडेल तिथलं तापमान दिसायचं. घर तापवणारी, ओंडक्यांवर चालणारी बिडाची शेगडी फार तापून धुराडं पेटू नये, एवढाच पोरीचा हेतू. क्लोव्हिसनं आधी कुत्र्यावर नेम धरला, मग बटाट्यांच्या पोत्यावर, मग टीव्हीतल्या हवामानवाल्या बाईवर आणि शेवटी बायकोच्या कपाळावर.

"पुन्हा माझ्यावर रोखलंस तर आज जेवण नाही," अल्बर्टीन म्हणाली.

म्हणून तो शेगडीकडे वळला, आणि तिथे त्याच्या काळजात चर्र झालं. वरच्या पत्र्याचा डावा कोपरा सहाशे डिग्री फॅरनहाइट दाखवत होता, उजवा जेमतेम चारशे. त्यानं पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा. फरक दोनशेचाच.

शेगडीच्या डाव्या अंगाला त्याची झुलती खुर्ची होती आणि उजव्या अंगाला अल्बर्टीनची. लग्न झाल्यापासून अशीच. म्हणजे इतकी वर्षं आपण नुसत्या शर्टावर मजेत पाय पसरून बसलो आणि ही बिचारी शाल पांघरून कुडकुडत राहिली! एका शब्दानं बोलली नाही.

त्यानं ही गोष्ट मेव्हण्याला, रेनाल्डला सांगितली.

"मग खुर्च्या बदला की," रेनाल्ड म्हणाला.

"खुर्चीचा काय दोष? दोष शेगडीचा आहे."

"अरे पण बदलायला काय जातंय?"

"माझ्या बाजूला खिडकी आहे. रस्ता दिसतो."

"तिला विचारलंस तरी का?"

"तिला काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार. सोसायची सवय झालीय तिला."

क्लोव्हिस कामाला लागला. आधी त्यानं सगळे ओंडके उजवीकडे रचले, तर घरभर धूर झाला आणि कुत्रा अंगणात जाऊन बसला. मग ओंडके आडवे लावून पाहिले, उभे लावून पाहिले. डावीकडे पंखा ठेवला, त्याचं प्लॅस्टिक वितळलं. शेवटी शेगडी विझवून, थंड करून, त्यानं धुराड्याचा नळ काढला आणि आत डोकं घातलं. दोष सापडला. जाळाच्या वर बिडाची एक आडवी फळी असते, ती एका बाजूला कलली होती. डावीकडे फट पडल्यामुळे सगळी आच तिकडून वर जात होती.

हातोडीचा एक हलका ठोका दिला की झालं, असं त्याला वाटलं. ठोका खरोखरच हलका होता. फळीचे दोन तुकडे झाले.

बाहेर उणे वीस. नवी फळी ओतकामाच्या कारखान्यातून येईपर्यंत नवराबायको आणि कुत्रा रेनाल्डच्या घरी मुक्कामाला गेले. तिथे अल्बर्टीन खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपायची. 'फार कोंदट आहे रे इथं,' म्हणायची. ही आपल्याला वाईट वाटू नये म्हणून असं वागतेय, हे क्लोव्हिसनं लगेच ओळखलं. त्याला आणखीच भरून आलं.

फळी आली. त्यानं पाणसळ लावून ती अगदी सपाट बसवली. शेगडी पेटली. डावीकडे पाचशे, उजवीकडे पाचशे. क्लोव्हिसनं अल्बर्टीनला हाताला धरून तिच्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभा राहिला.

थोड्या वेळानं तिनं शाल काढली. मग स्वेटर काढला. मग मासिकानं वारा घेऊ लागली.

"काय करून ठेवलंस रे हे?"

"ऊब आणली तुझ्या बाजूला! इतकी वर्षं थंडीत बसलीस ना."

"थंडीत? क्लोव्हिस, मला उकडतं. लहानपणापासून उकडतं. ही बाजू मी आल्याआल्याच निवडली होती."

"आणि शाल?"

"तू दर नाताळात शाल देतोस. तुझ्यासमोर न पांघरून कसं चालेल?"

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दर शनिवारी रांधायचे ते घेवड्याचे दाणे! गुळाच्या पाकात डुकराचं मांस घालून ते दिवसभर उजव्या कोपऱ्यावर मंद शिजायचे. आता त्या भांड्याचा तळ काळा ठिक्कर पडला होता. अल्बर्टीननं भांडं खिडकीबाहेर बर्फात ठेवलं, आपली खुर्ची उचलली आणि फ्रिजच्या शेजारी नेऊन मांडली. त्या दिवसापासून दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. त्यात त्याला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं. "काय?" "काही नाही!" "काय काही नाही?" असा संसार आठवडाभर चालला.

मग एका सकाळी अल्बर्टीन चर्चला गेलेली असताना त्यानं शेगडी पुन्हा थंड केली. पोटावर पडून आत शिरला आणि त्या सपाट फळीच्या एका अंगाखाली विटेचा तुकडा सारला. तुकडा थोडा कमी, थोडा जास्त, असं करत त्याचा अर्धा रविवार गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयाही काजळीनं माखल्या होत्या. शेगडी पेटवून त्यानं नेम धरला: डावीकडे सहाशे, उजवीकडे चारशे. परतल्यावर अल्बर्टीननं उजव्या कोपऱ्यावर हात धरून पाहिला आणि खुर्ची परत आणली.

पुढच्या आठवड्यात कॉफी प्यायला जमलेल्या मंडळींत क्लोव्हिस छाती काढून बसला. शेगडी कशी उघडली, कुठे हात घातला, सगळं सांगून झालं.

"एवढ्या खटाटोपानं फरक किती पडला मग?" रेनाल्डनं विचारलं.

"दोनशे डिग्रीचा," क्लोव्हिस म्हणाला.

मंडळींनी माना डोलावल्या. रेनाल्ड कपात बघून हसला, आणि नदीवरचा बर्फ यंदा गाडी पेलेल का, यावर बोलणं निघालं.