दोन मीटरचा खड्डा

लीट्रिम काउंटीचा अधिकारी खड्डा तपासायला दहाला येणार होता. साडेसातला सोर्खा आपल्या चाकांवरच्या घरातून, कॅरॅव्हॅनमधून बाहेर आली, तर तिचे वडील फेहीन खड्ड्याच्या काठावर उभे राहून दोरीच्या बादलीने पाणी उपसत होते.



घर बांधण्याच्या परवानगीचा अर्ज करायचा तर आधी दोन मीटर खोल खड्डा खणायचा आणि दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. तो कोरडा राहिला, तर जमीन सांडपाणी जिरवेल असं धरतात. पाणी वर आलं, की परवानगी विसरायची. मागचा अर्ज फाटक रस्त्याच्या वळणावर येतं म्हणून फेटाळला होता. खालच्या शेतात दलदल. वडिलांकडे देण्याजोगा जमिनीचा हा एकच तुकडा उरला होता.

“बाबा, काय करताय हे?”

“हळू बोल. घोट्याएवढंच तर पाणी होतं.”

“कुणी बघितलं म्हणजे?”

“कोण बघतंय? तुझी आई झोपलीय आणि गाई माझ्या बाजूच्या आहेत.”

सोर्खाला हसू आलं नाही. आत तिची दोन वर्षांची लेक नेसा खोकत होती. तिच्या अंथरुणावरच्या छताला चौथ्या हिवाळ्याची काळी बुरशी धरली होती. सोर्खाने दुसरी बादली उचलली.

दहाला तो अधिकारी, टिअर्नी, आला. त्याने खड्ड्यात टॉर्च मारला.

“कोरडा दिसतोय,” तो म्हणाला आणि त्याने पेन काढलं. “पिण्याचं पाणी कुठलं?”

“ती काय विहीर,” फेहीननी उताराकडे बोट केलं. “आजोबांनी खणलेली. असं पाणी अख्ख्या लीट्रिममध्ये नाही. ग्लासभर आणू का साहेबांना?”

सोर्खाची नजर खड्ड्यापासून विहिरीपर्यंत उतरत गेली. जेमतेम चाळीस पावलं, आणि सांडपाणी उतारानेच जाणार. नेसाची बाटली त्याच पाण्याने भरलेली होती. इतका वेळ तिला टिअर्नी नाही म्हणेल याची भीती होती. आता तो हो लिहिणार होता.

“खड्डा आम्ही उपसलाय,” ती म्हणाली.

“अगं ए!”

“सकाळी. घोट्याएवढं पाणी होतं.”

टिअर्नी रागावला नाही, याचीच तिला जास्त धास्ती वाटली. त्याने पेनला टोपण लावलं. “अर्धा तास थांबू या.”

तिघं काठावर उभी राहिली. तळाशी खणणाऱ्या यंत्राच्या दातांचे ओरखडे होते. एका कडेने पाणी आलं, आवाज न करता, आणि ओरखडे एकेक करून बुडाले. फेहीननी टोपी काढली.

“आणि तुमच्या जुन्या घराच्या संडासाची टाकी?” टिअर्नीने विचारलं. “ती कुठे आहे?”

 फेहीननी वर घराकडे पाहिलं, मग सरळ रेषेत खाली विहिरीकडे.

कॅरॅव्हॅनमधून नेसाने हाक मारली. तिला पाणी हवं होतं.

“जा पोरी,” फेहीन म्हणाले. सोर्खा निघाली, तसे ते मागून जवळजवळ ओरडलेच, “उकळल्याशिवाय देऊ नकोस!”