अडीच दिवस भिजलेली पूड

तनुजा लातूरची. नांदेडला पीएच.डी. करत होती. मिथेनॉलपासून बेंझिन, टोल्युइन अशी रसायनं मिळवायचं तिचं काम. त्यासाठी झिओलाइटची बारीक छिद्रांची पांढरी पूड जस्ताच्या क्षारात रात्रभर भिजवायची, वाळवायची, भट्टीत भाजायची. मग तिच्यावरून मिथेनॉलची गरम वाफ सोडायची.

फेब्रुवारीतल्या पुडीनं अठ्ठावन्न टक्के उतारा दिला. तिचे मार्गदर्शक उमाशंकर सर खूश झाले, म्हणाले, पेपर लिहायला घे. पण त्यानंतरच्या चार पुडी चाळिशीच्या वर गेल्या नाहीत. तनुजानं काटा तपासला, जस्ताची नवी बाटली मागवली. काही फरक पडला नाही. शेवटी ती प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या सिद्धराम मामांकडे गेली.

"मामा, फेब्रुवारीतली पूड ओव्हनमध्ये तुम्हीच टाकली होती ना? दुसऱ्याच दिवशी?"

मामा नळ्या पुसत राहिले. "न्हाई ताई. शुक्रवारी तुम्ही भिजवली. शनिवारी मी आलोच न्हाई. अहमदपूरला भाचीची सोयरीक होती. सोमवारी टाकली. भेव वाटलं, म्हणून बोललो न्हाई."

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिनं पुन्हा पूड भिजवली आणि सोमवारपर्यंत हात लावला नाही. उतारा सत्तावन्न आला. पुढच्या खेपेला छप्पन्न. छिद्रांत आतवर जस्त पोचायला एक रात्र पुरत नव्हती, इतकंच.

आता हे चुकून घडलं ते न सांगता पेपरात नुसतं 'अडीच दिवस' लिहिलं असतं, तरी कुणी विचारलं नसतं. दोन दिवस तिच्या मनात तेच घोळत होतं. मग ती मामांना म्हणाली, "सरांना खरं सांगावं लागंल."

"सांगा. पर माझ्या माघारी नका सांगू. मी येतो संगं."

दोघं सरांच्या केबिनमध्ये गेले. मामांनी स्वतःच सांगितलं.

"न सांगता सुट्टी घेतली, हे बरं नाही केलं," सर म्हणाले. मग वही पुढं ओढली. "भांड्यावर झाकण होतं?"

"होतं साहेब. पाणी उडून जाईल म्हणून शुक्रवारी घरी निघताना मीच लावलं."

"तनुजा, झाकणाचंही लिही. आभारात यांचं नाव घाल."

बाहेर आल्यावर मामा नळ्यांचा ट्रे उचलून धुवायला गेले. तनुजाही त्यांच्या मागोमाग गेली आणि शेजारच्या नळावर उरलेली भांडी घासू लागली.