काळजीचा वाफा

लावल्यापासून दहाव्या दिवशी बाकी सगळा लसूण हिरवागार वर आला आणि वाटेकडच्या तीन वाफ्यांत मात्र जागोजाग टक्कल पडलेलं दिसलं. बांधावर उभ्या वासंतीबाईंचा पारा चढला. ते तीन वाफे सुनेने लावले होते. मोना देवासला शहरात वाढलेली, मातीची सवय नसलेली. तरी तीन दिवस उकिडवी बसून तिने हौसेने एकेक पाकळी टोकली होती.

"उलट्या लावल्या असशील," वासंतीबाई म्हणाल्या. "शेंडा वर ठेवायचा, किती बार सांगितलं तुला."

"सीधीच लावली होती मी, आई." मोनाने सासऱ्यांकडे पाहिलं. लावताना शेजारी बसून तेच एकेक पाकळी बघत होते.

भास्कररावांनी खाकरून घसा साफ केला. "होतं असं नव्या हाताला," ते बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली.

कारण ते टक्कल त्यांनीच पाडलं होतं. माणूस भला, पण जन्माचा काळजीखोर. बदनावरच्या मंडीला निघाले की मोटर बंद केली का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणार, पुन्हा निघाले की फाटकाच्या कडीसाठी परत. नव्या हाताने लावलेला लसूण रुजतो की नाही, या विचाराने त्यांना बसवेना. मग बोटाने एक पाकळी उकरायची, पांढरं मूळ दिसलं की परत दाबून टाकायची. चहा होईपर्यंत जिवाला बरं वाटायचं, की लगेच शेजारच्या पाकळीची शंका. दोऱ्यासारखी कोवळी मुळं ती, तुटली नसती तरच नवल. आणि हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही.

विहिरीकडचा तुकडा अजून लावायचा होता, तो यंदा मोनाचा, असं ठरलेलं होतं. वासंतीबाईंनी तो मजूर बायांकडून लावून घ्यायचं जाहीर केलं. त्या दिवसापासून मोना शेताकडे फिरकली नाही. तिने निवडून ठेवलेल्या पाकळ्यांची टोपली ओसरीवर तशीच पडून होती. येता-जाता ती दिसायची आणि भास्करराव नजर चुकवून पुढे जायचे. मोटरची काळजी मोटर बघून तरी मिटते. हे नुसतं बघून मिटणारं नव्हतं.

मजूर बाया उद्या येणार, त्या दुपारी जेवताना त्यांनी पोळी खाली ठेवली.

"मोनाने नीटच लावलं होतं. मीच उकरून बघत होतो."

"किती वेळा?" वासंतीबाईंनी विचारलं.

"रोज. दिवसातनं तीन-चारदा."

वासंतीबाई म्हणाल्या, पस्तीस वर्षं ही उकराउकर मी सोसली, पोरीच्या माथी तरी मारायची नव्हती. पण भास्करराव मोनाकडे बघत होते. तिचे डोळे भरून आले होते.

"मला वाटलं, माझाच हात खराब आहे, मामंजी," ती म्हणाली. "आणि तुम्हाला मालूम होतं."

"चुकलो, बेटा," एवढंच ते म्हणाले.

विहिरीकडचा तुकडा मोनानेच लावला. शेवटच्या वाफ्याच्या चार कोपऱ्यांत तिने काटक्या रोवल्या आणि सासऱ्यांना बोलावलं. हा वाफा तुमचा, ती म्हणाली, हवं तेवढं उकरा, पण शामला पाच वाजता. बाकी वेळी टेंशन आलं तर पाचपर्यंत रोकून धरा. दुसऱ्या वाफ्यांना हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी ते चारलाच जाऊन उभे राहिले आणि पाच वाजताच आठ पाकळ्या उकरल्या. मग सकाळची शंका पाचपर्यंत थांबवायची, असं सुरू झालं. गंमत अशी की पाच वाजता बऱ्याचदा सकाळी कसली शंका होती तेच आठवेना. काळजी काही गेली नाही, पण तिला बसवून ठेवता येतं, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. सहाव्या दिवशी फाटकाची फळी ठोकता ठोकता दिवस मावळला आणि ते वाफा विसरूनच गेले.

दहाव्या दिवशी तिघं मिळून बघायला गेली. काटक्यांच्या वाफ्यात अकरा ठिकाणी टक्कल होतं, आणि मोनाचे वाफे गच्च भरले होते. फक्त दुसऱ्यात एक जागा रिकामी दिसली.

"पाकळीच सडकी असेल," वासंतीबाई म्हणाल्या. मोनाने मान डोलावली. भास्कररावांनी नुसतं गप्प बसायचं, की मिटलं असतं.

"ती मी उकरली," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी, सकाळी."

मोनाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराच्या गाठीतून एक पाकळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "लावा. आता दहा दिवस इकडे बघायचं नाही."

त्यांनी शेंडा वर ठेवून ती लावली, माती सारली आणि उठले. वाटेत टक्कल पडलेले ते पहिले तीन वाफे लागलेच, तिथून त्यांनी मान खाली घालून पाऊल उचललं. वळणावर मान एकदा मागे, विहिरीकडे गेली, पण ते तसेच घराकडे चालत राहिले.