रूटच्या नावे आलेलं टपाल

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळघरात सर्व्हरची खोली होती आणि तिथे मास्तरीणबाईंचं राज्य होतं. हे नाव ऑफिसनेच ठेवलेलं. कुणी पासवर्ड कागदावर लिहून ठेवलेला दिसला की ती त्याची अशी बिनपाण्याने करायची की तो पुन्हा तळघराकडे फिरकत नसे. दारावर तिच्याच अक्षरात चिकटवलेलं होतं, 'काम संपलं की रूटमधून बाहेर पडा.' रूट म्हणजे यंत्राचा मालक. मालकाच्या नावाने आत शिरलं की वाट्टेल ते करता येतं, म्हणून ही ताकीद.

त्या दुपारी ती रूट म्हणूनच आत शिरून डिस्कची साफसफाई करत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तळघरात मोबाइलला रेंज नसे, म्हणून हा नंबर तिने हॉस्पिटलात देऊन ठेवला होता.

"भावाला बोलावून घ्या," आईचे डॉक्टर म्हणाले. "आज आहेत त्या. उद्याचं मी सांगू शकत नाही."

धाकटा मालवाहू जहाजावर नोकरीला. त्याला गाठायचं तर जहाजाच्या पत्त्यावर मेल करायचा, तोही नुसत्या अक्षरांचा. नशिबाने जहाज आज बंदरात होतं, पण दुपारीच सुटणार होतं. एकदा सुटलं की पुढचं बंदर कित्येक आठवड्यांनी. आणि आई शुद्धीवर आली की एकच विचारायची, तो निघाला का.

समोर पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडीच होती. तिने तिथेच मेलची आज्ञा टाइप केली, जहाजाचा पत्ता घातला आणि लिहिलं, 'आईचं काही खरं नाही. जहाज सुटायच्या आत उतर. ताई.' खालच्या ओळीवर एकटंच टिंब दिलं. टिंब एकटं दिसलं की यंत्र समजतं, पत्र संपलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. यंत्रांची हीच रीत तिला आवडायची. काम झालं की गप्प, बिघडलं तरच बोंब.

तिचे मेल मोबाइलवर यायचे, म्हणून ती वरच्या गॅलरीत रेंजमध्ये जाऊन मोबाइल हातात धरून उभी राहिली. उत्तर येईना. तिचा जीव टांगणीला लागला. मग राग आला, तोही सगळा धाकट्यावर. मागच्या सुट्टीत दोघं कडाकडा भांडली होती, आईला कुणी सांभाळायचं यावरूनच. एवढा डूख धरावा? आई मरायला टेकली तरी? तिने त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

शेवटी राहवेना. मेल वाटेतच अडकला की काय, म्हणून ती धावत खाली आली. जाणाऱ्या मेलच्या रांगेत काहीच अडकलेलं नव्हतं. खाली नेहमीची ओळ उमटली, 'तुमच्यासाठी नवीन टपाल आहे.' ही ओळ रोजचीच. डिस्क ठीक असल्याचा अहवाल यंत्र तासातासाला मालकाला पाठवतं आणि मालक तो कधी उघडत नाही. तिने ओळीकडे काणाडोळा केला आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं.

तेव्हा ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह तिला दिसलं. साध्या माणसाच्या ओळीआधी डॉलरचं चिन्ह असतं. इथे # अशी जाळी होती. मालकाची खूण.

 पत्र मालकाच्या नावाने गेलं होतं. उत्तरही मालकालाच येणार, तिच्या मोबाइलवर नाही.

तिने मालकाची टपालपेटी उघडली. अहवालांच्या गर्दीत धाकट्याची पत्रं होती. 'ताई, कप्तान मला सोडतोय. डॉक्टरांचं नाव आणि नंबर लेखी पाठव, एवढंच हवंय.' नंतर, 'ताई, नंबर?' नंतर, 'बॅग भरून बसलोय. रागावलीस का अजून?' आणि शेवटचं, 'दोर सोडले. जहाजाला बंदराबाहेर काढून देणारा पायलट तिथे त्याच्या होडीत उतरतो. तोवर नंबर आला तर कप्तान मलाही उतरवेल.'

डॉक्टरांचा नंबर समोरच्या कागदावर होता. मघापासून होता. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि नाव लिहिलं, नंबर लिहिला, टिंब दिलं. यंत्र गप्प. ती गप्प राहण्याची रीत तिला आता नकोशी झाली.

नव्या टपालाची ओळ आपणहून येत नाही, एंटर दाबावं तेव्हा येते. तिने दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा जाळ्यांनी भरून गेला. मग ओळ आली. तिने डोळ्यांत प्राण आणून पेटी उघडली तर डिस्कचा अहवाल. सर्व काही ठीक आहे.

टेबलावरचा फोन वाजला. आईजवळ बसलेली मावशी होती.

"शुद्धीवर आलीय गं. निघाला का म्हणून विचारतेय. काय सांगू?"

 जन्मात आईशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती.

"निघाला म्हणून सांग."

पलीकडे कुजबुज झाली. मग मावशी म्हणाली, "म्हणतेय, मग थांबते मी."

तिने रिसीव्हर टेबलावरच ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके दिले. आपण काय करून बसलो हे तिला चांगलं कळत होतं. आई आता थांबणार, आणि कुणीच येणार नाही. रिसीव्हरमधून मावशीचं "हॅलो, हॅलो" चाललं होतं. तिने डोळे पुसले आणि करंगळीने एंटर दाबलं.

ओळ आली. पत्र कप्तानाचं होतं. 'डॉक्टरांशी बोललो. तुमचा भाऊ पायलटच्या होडीत आहे. दोराच्या शिडीवरून उतरण्याच्या घाईत एक बूट इथेच राहिला, तो आम्ही जपून ठेवू.'

तिने रिसीव्हर उचलला.

"मावशी, तो निघाला."

"अगं, मघाशीच सांगितलंस की," मावशी म्हणाली.