हरणाबाईचं वारं

“आलं! वारं आलं!” बयाबाई ओरडली. “टाका रं, आनखी ऊद टाका!”

शेणीच्या निखाऱ्यावर मूठभर ऊद पडला आणि धाब्याच्या त्या बुटक्या घरात धुराचा लोट उठला. खिडकीला घोंगडी, दाराला माणसं. मधे पाटावर बयाबाईची सून हरणाबाई. केस मोकळे, कपाळभर भंडारा. तिचे खांदे वरखाली होत होते, छातीतून फाटक्या भात्यासारखी शिट्टी निघत होती. माणसांनी हात जोडले. तिच्या अंगात बिरोबा घुमतोय, त्यांना वाटलं.

हरणाबाईला ठाऊक होतं, हा देव नव्हे, दमा. लग्न होऊन कडेगावच्या या घरात आली आणि चुलीतल्या ओल्या फाट्यांचा धूर गिळता गिळता तो छातीत येऊन बसला. माळावर मेंढरांमागं फिरताना त्याचा पत्ता नसे. घरात वाकून पाऊल टाकलं की धरलंच. जात्यावर बसली की ती म्हणायची,

वारं सुटलं माळाला, डुले जोंधळ्याचं पान
माझ्या गं घरामंदी, वाऱ्याला न्हाई मान

पुढं एका अमावास्येला देवापुढच्या उदात तिचा श्वास कोंडला आणि सासूनं लोटांगण घातलं. तेव्हापासून वाऱ्याला मान आला, पण तो निराळ्याच वाऱ्याला. एरवी ‘ए हरणे’ म्हणणारी बयाबाई अमावास्येला ‘आवं देवा’ म्हणे. हरणाबाईनं एकदा खरं सांगून पाहिलं. “देवाला दमा म्हंतीस?” सासू म्हणाली. “जीभ झडंल!”

“देवा,” म्हातारा कोंडीबा पुढं सरकला. “कुंडल गावास्नं आलोय. माझं पोरगं, जोतीराम, ब्रह्मदेशात लढाईवर हाय. सुगी झाली, कागद न्हाई. हाय का न्हाई, येवढंच सांगा.”

हरणाबाईच्या डोळ्यांपुढं अंधारलं. बाहेरचा श्वास आत जाईना, आतला बाहेर निघेना. आज काही मी वाचत नाही, तिला वाटलं. होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ती म्हणाली,

“भायेर... भायेर...”

“ऐकलंस न्हवं, कोंडीबा?” बयाबाईनं टाळी वाजवली. “भायेर हाय! भायेरच्या मुलखात हाय तुझं पोरगं, जित्तं हाय!”

भंडारा उधळला. गलका झाला. देव उतरला म्हणून कुणीतरी परसदार उघडलं, तशी हरणाबाई रांगतच बाहेर पडली आणि बोरीखाली कुडाला टेकली. हळूहळू छातीतली शिट्टी बारीक झाली.

मागोमाग कोंडीबा नारळ घेऊन आला. मिशीवर आसवं आणि तोंडभर हसू. तिला ते बघवेना.

“दादा, त्यो देव नव्हता. मला भायेर न्या म्हनत हुते मी. धुरानं जीव चालला हुता.”

कोंडीबानं नारळ खाली ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

“ठावं हाय, लेकी. माझी आय अशीच चुलीपुढं घुसमटायची. शिट्टी ऐकली तवाच वळखलं.”

“मग हासत का आलासा?”

“मनुबाई गाडीत बसलीया, माझी मालकीन. आत यायाचं धाडस न्हाई तिला. अन्नावरनं मन उडालंय. रडतं तोंड घिऊन तिच्यापुढं कसा जाऊ? म्हनून हासून बघत हुतो, जमतंय का. तूच सांग, काय सांगू तिला?”

कुडापलीकडं गाडीत एक बाई उभी होती, कपाळावर हाताची सावली धरून, या घराकडं बघत. हरणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“सांगा,” ती म्हणाली. “भायेर हाय, म्हनून सांगा.”

कोंडीबा गेला. गाडीजवळ जाऊन काहीतरी बोलला. मनुबाईनं गाडीच्या साट्यावर कपाळ टेकलं. मग तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

“आवं देवा,” आतून बयाबाईची हाक आली. “चला, मानसं खोळंबल्यात.”

निखाऱ्यावर पुन्हा ऊद पडल्याचा वास आला. हरणाबाई उठली. विहिरीवर शेवटची घागर भरून घ्यावी तसा माळाचा वारा तिनं छातीत काठोकाठ भरून घेतला, आणि सांडू नये म्हणून हळूच वाकून आत गेली.