थट्टेच्या नात्यातलं वाचनालय

न्यामिझी मास्तरीण निवृत्त झाली, तेव्हा शाळेनं टाकून दिलेली सगळी पुस्तकं तिनं घरी आणली. तिच्याआधी वाळवीनंच वाचायला सुरुवात केली. गावात सिमेंटची कोरडी खोली एकच, न्चिम्बी म्हाताऱ्याची. आणि म्हातारा असा चिकट, की उसनं दिलेलं मीठसुद्धा परत मागायला जाई.

"बाबा, खोली रिकामीच तर पडलीय. वाचनालयाला द्या."

"पडू दे. तिला सवय आहे."

पण मास्तरीण सुकुमा आणि म्हातारा न्गोनी. या दोन जमातींत उतानी चालते, म्हणजे पिढीजात थट्टेचं नातं. एकानं दुसऱ्याची वस्तू बिनविचारता उचलली तरी रागवायचं नाही. जो रागावेल त्याची गावभर शोभा. म्हातारा मका विकायला सोंगेआच्या बाजाराला गेला, तशी मास्तरिणीनं कडी उचकटली आणि पुस्तकं आत लावून मोकळी झाली.

म्हातारा परतला तर दारात ही गर्दी.

"ए गुराख्याच्या पोरी! कुणाला विचारून शिरलीस?"

"गुलामाला कोण विचारतं? माझ्या आज्यानं तुझ्या आज्याला लढाईत धरलं होतं, विसरलास?"

लोक खो खो हसले. म्हाताऱ्यालाही दात काढावे लागले. मग त्यानं मक्याची रिकामी पोती आणली, पुस्तकं त्यांत कोंबली आणि सरळ आपल्या घरी नेली.

"उतानी काय तुलाच येते?"

आता मास्तरिणीला रागावता येईना. चारचौघांत ती हसली, घरी जाऊन मात्र ढसाढसा रडली.

तिला खिजवायला म्हातारा ओसरीवर बसून पुस्तकं वाटू लागला. "न्या, न्या! माझ्या बापाचं काय जातंय!" पण घरातून वस्तू बाहेर गेली की त्याला झोप कुठली? कोण काय घेऊन गेलं ते सगळं तोंडपाठ. लोकांच्या दारात उभा राहून तो पुस्तक वसूल करी, पानं मोजून घेई, आणि आणून देणाऱ्याला वर दुसरं देई. आठवड्याभरात ओसरीवर रांग लागली.

मास्तरीणही रांगेत उभी राहिली.

"शुक्रवारी परत आण," म्हाताऱ्यानं दम भरला. "पान दुमडलंस तर याद राख."

जन्मभर मुलांना पुस्तकं दिली, पण एक धड परत आलं नव्हतं. तिला हसू आवरेना.

"आणि हे बघ, ओसरीवर आता गर्दी मावत नाही. उद्या सगळं खोलीत हलवतोय. माझ्या वाचनालयात बिनविचारता शिरायचं नाही, सांगून ठेवतो!"

मास्तरिणीनं आयुष्यात पहिल्यांदाच एका न्गोनी माणसाचं मुकाट्यानं ऐकून घेतलं.