मरता मरता उठायचं

या नाटकात भगवानरावांचा फायदा दुहेरी होता. एक, बुलढाण्याच्या स्पर्धेत मरायला मिळणार. दोन, त्यांच्या बरोबरीचे नट नारायणराव यांना ते मिळणार नाही. यातला दुसरा फायदा मोठा, असं नाट्यमंडळातले लोक म्हणत.

साखरखेर्ड्यात तीस वर्षं स्टेजवर मरावं ते भगवानरावांनीच. आधी खोकला, मग थरथरता हात. हात खाली येईपर्यंत बायांचे पदर डोळ्यांना. ही त्यांची कमाई. यंदा नाटक बसवायला घेतलं गफ्फार मंडपवाल्यांच्या झेबानं. पोरगी नाटकाचं शिक्षण घेऊन आलेली, आणि पहिल्याच दिवशी तिनं या कमाईवर हात घातला.

"काका, हे एपिक थिएटर आहे. पडदा नाही, अंधार नाही. प्रवेशाआधी पाटी दाखवायची: आता रखवालदार मरतो."

"आधीच सांगतं? मंग लोक काय भेळ खायले बसतीन?"

"मरते का नाही, हे पाहायले नाही बसणार. काऊन मरते, हे पाहायले बसतीन."

नाटक साधं होतं. गावची विहीर भरलेली, तिला मालकाचं कुलूप, आणि राखण करणारा म्हातारा तिच्याच कठड्याशी तहानेनं मरतो. मालक नारायणराव, म्हातारा भगवानराव. अडचण एवढीच की मरता मरता म्हाताऱ्यानं उठायचं, लोकांकडं पाहून कोरड्या आवाजात म्हणायचं, "हा माणूस मरून राह्यला. विहीर भरलेली आहे," आणि परत आडवं होऊन मरायचं.

भगवानरावांना तेच जमेना. एकदा मरायला लागले की ते खरंच मरत. उठले तरी डोळ्यांत पाणी, गळा दाटलेला.

"काका, तुम्ही रडले की लोक रडून मोकळे होतात. मले त्यांले मोकळं नाही सोडायचं."

आठ दिवस गेले. झेबा म्हणाली, शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर भूमिका बदलू. नारायणराव घरून धोतर घेऊन आले, म्हाताऱ्याच्या भूमिकेचं.

गुरुवारी गफ्फारभाईंच्या गोदामात तालीम लागली. भगवानरावांचा खोकला झाला, हात थरथरला. गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसलेल्या गफ्फारभाईंना राहवलं नाही. ते उठले आणि गावच्या रीतीप्रमाणे खणखणीत आवाजात पुकारलं, "भगवानरावांच्या कामावर खूश होऊन गफ्फार मंडपवाल्यांकडून पन्नास रुपये!"

भगवानराव ताडकन उठून बसले. नोट घेतली, कपाळाला लावली. "गफ्फारभाईंचे मंडळ आभारी आहे," स्वच्छ आवाजात म्हणाले, नोट कनवटीला खोचली, आडवे झाले आणि खोकला जिथं सोडला होता तिथून पुढं सुरू केला.

झेबा हसत खालीच बसली. "काका, हेच तर मी आठ दिवसांपासून मागून राह्यले."

"हे? हे तं बक्षीस घेनं हाय पोरी."

"तीस वर्षं तुम्ही मरणातून उठून आभार मानले अन् परत मेले. कोणी म्हणलं का, हा खोटा मरते म्हणून?"

भगवानराव विचारात पडले. मग म्हणाले, "पाटी आन बरं. पुन्हा मरतो."

नारायणरावांनी धोतराची घडी मोडलीच नाही.

बुलढाण्यात हॉल भरला होता, दिवे सगळे लागलेले. भगवानराव मरता मरता उठले, वाक्य म्हणाले. एकही पदर डोळ्यांना गेला नाही. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "अन् चावी कोनापाशी हाय?"

"त्या कोटवाल्यापाशी," दुसऱ्यानं सांगितलं.

"मंग मागा ना. काय पाहून राह्यले?"

अर्धा हॉल उभा राहिला. मालकाच्या कोटाच्या खिशावर हात ठेवून नारायणराव दोन पावलं मागं सरले. तसं काही बसवलेलं नव्हतं. भगवानराव थांबले. बक्षीस पुकारून होईपर्यंत थांबायची सवय होतीच. आवाज थोडा खाली आला तसे ते आडवे झाले आणि निवांत मेले. टाळ्या इतक्या वाजल्या की परीक्षकही वहीतून मान वर काढून उभे राहिले. पहिला नंबर आला.

आता कोणी काय किंमत मोजली ते पाहू. भगवानरावांची तीस वर्षांची अश्रूंची कमाई गेली. त्यांनी ती हसत सोडली. झेबाचा घसा तालमीत ओरडून बसला. बाकीची भरपाई नारायणरावांकडून झाली: बसस्टँडवर त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर शेजारची, नाटक पाहून आलेली अनोळखी बाई म्हणाली, "तुमचं बरं हाय."